व्हेपबंदीच्या सभेत माझं एक मिनिट

पुण्यातल्या पहिल्या नोकरीत मी सिगरेट ओढायला लागले आणि अमेरिकेत आल्यावरही ती सुटली नाही. निकोटीनचं च्युइंगम झालं, पॅच झाले. शेवटी चाळिशीत व्हेप, म्हणजे ई-सिगरेटचं यंत्र, हातात घेतलं आणि महिन्याभरात सिगरेट बंद झाली. त्याला चार वर्षं झाली. व्हेप म्हणजे काही तुळशीचा काढा नाही, हे मला कळतं. पण जिना चढताना आता धाप लागत नाही. नवरा आणि मुलगी सोडून हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या कौन्सिलपुढे ठराव आला: गावात व्हेप विकायला पूर्ण बंदी. सिगरेटवर मात्र नाही. वाचून माझं डोकंच फिरलं. मुलांना विकणाऱ्याचं लायसन्स काढून घ्या, त्यावर मी स्वतः सही केली असती. पण सिगरेट ठेवायची आणि जिच्यामुळे माझी सिगरेट सुटली तीच वस्तू काढायची?

"मग जाऊन बोल ना तिथे," नवरा म्हणाला.

पंधरा वर्षांच्या लेकीने फोनमधून मानही वर केली नाही. "आई, आय अ‍ॅम ऑन देअर साइड. आमच्या स्कूलचे बाथरूम्स बघ एकदा, सगळे तिथेच व्हेप करतात."

तरी गेले. बोलायला प्रत्येकी एक मिनिट होतं. पहिल्याच रांगेत माझी मैत्रीण बसलेली. रविवारच्या मराठी शाळेत आम्ही दोघी मिळून एक वर्ग घ्यायचो. ती बंदीच्या बाजूने बोलली. तिच्या मुलाच्या दप्तरात व्हेप सापडलं होतं, हे मला तिथेच कळलं. मला वाटलं, गुपचूप निघून जावं. पण तेवढ्यात माझंच नाव पुकारलं.

"मी वीस वर्षं सिगरेट ओढत होते," एवढं इंग्रजीत म्हणाले आणि पाठ केलेलं सगळं विसरले. वय कडक तपासा, इथवर आले आणि घंटी वाजली. व्हेपमुळेच सिगरेट सुटली, हा मुख्य मुद्दा राहूनच गेला.

पार्किंगमध्ये तिने मला गाठलं. "अगं, तू? मुलांना शिकवतेस ना आपल्या?"

"मुलांसमोर कधी ओढलंय का मी?"

"तसं नाही गं. पण आमच्या घरात काय चाललंय, तुला कल्पना नाही."

"आणि माझं काय चाललं होतं, ते तुला तरी कुठे माहीत होतं?"

ती गाडीत बसली आणि निघून गेली.

ठराव पास झाला. आठवड्याभरात तिचा मेसेज आला, शाळेतून थोडा ब्रेक घेतेस का? मी घेतला, चिडून.

आता व्हेपसाठी वीस मिनिटं ड्राइव्ह करून शेजारच्या गावी जाते. परवा दुकानात माझ्यापुढे एक मुलगी होती, माझ्या लेकीएवढीच. दुकानदाराने आयडी न मागता तिच्या हातात व्हेप दिलं.

"तिचं वय विचारलंत का?" ती गेल्यावर मी म्हटलं.

"तुम्हाला काही हवंय की नको?" तो म्हणाला.

मी माझं घेतलं. तडक बाहेर पडायला हवं होतं, पण घेतलं. गाडीत बसल्यावर स्वतःचाच संताप आला. घरी येऊन त्या दुकानाची ऑनलाइन तक्रार केली. ते बंद झालं तर मला आणखी लांब जावं लागेल, हे फॉर्म भरताना कळत होतं. उत्तर अजून आलेलं नाही.