दोन मग पाला

मिरजेच्या डॉक्टरांनी माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, तोंडावर सांगितलं, आधी वजन उतरवा, मग गुडघ्याचं ऑपरेशन. मामांना तर घाई. माझी मुलगी नुकतीच फौजेत ट्रेनिंगला गेलेली. ते संपलं की तिची परेड. आमच्या या रिटायर हवालदाराला नातीसमोर ताठ उभं राहून सॅल्यूट ठोकायचा होता. खुर्चीत बसून सॅल्यूट करण्यापेक्षा न गेलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं.

आहार सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, "रोज जेवणाआधी दोन कप सॅलडची पानं."

"मी काय शेरडू हाय व्हय?" मामा रिक्षात बसेपर्यंत धुसफुसत होते. पण हुकूम तो हुकूम.

कोरेगावला घरी आल्यावर मी महाबळेश्वरकडचं लेट्यूस आणलं, चहाचा कप घेतला आणि पानं सैलसर भरली. मामांनी कप माझ्या हातातून काढूनच घेतला. त्यांच्या लेखी कप म्हणजे फौजेतला मोठा पांढरा मग. त्यात त्यांनी पानं कोंबली, मग जमिनीवर आपटला, मुठीनं पाला दाबला, वर ढीग रचून शीग लावली आणि म्हणाले, "लाभ." आमच्याकडं जोंधळा मापानं मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग दुसरा मग भरला. "दोन."

एक अख्खा गड्डा संपला, दुसऱ्याला हात लागला. "आवं मामा, हा पाला हाय, जोंधळा न्हवं," मी म्हटलं.

"मापाला काय कळतंय आत काय हाय ते? भरायचं तर भरून."

ज्या माणसाला पाला बघवत नव्हता, तो स्वतःच्या इमानदारीपायी रोज घमेलंभर पाला चघळत बसायचा. तोंड दुखायचं, डोळ्यांत पाणी यायचं. शेजारची म्हैस कुंपणावरून बघत राहायची. मला हसू यायचं आणि संतापही यायचा, कारण भाजीवाली मला आता हॉटेलवाली समजून भाव लावत होती.

शेवटी मी आहाराच्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "कपाचं सोडा हो. एक कप म्हणजे तीस ग्रॅम." मी मामांच्या एका मगातला पाला काट्यावर ठेवला. पाव किलो! चार-पाच जणांचा पाला एकटा माणूस खात होता, तोही फक्त एका मगात.

मी आकडा सांगितला. मामा जाम भडकले. "तीस ग्रॅम? आमच्या घरात हलकं माप भरत न्हाईत. त्या बाईला सांग!"

माप तेच राहिलं. पाल्यानंच पोट भरायचं, भाकरी चतकोरावर आली. वजन असं उतरलं की डॉक्टरांनी काटा बदलून बघितला. ऑपरेशन झालं. वॉकर, मग काठी, आणि परेडच्या दिवशी काठी माझ्या हातात. मी पोरीला बघायचं सोडून म्हाताऱ्याच्या गुडघ्याकडंच बघत होते. आता मोडतंय का मग मोडतंय, जीव नुसता टांगणीला.

बँड वाजला. पहिली ओळ समोर आली, त्यात कडेला आमची पोरगी. मामांचा हात कपाळाला गेला, गुडघा जरासुद्धा हलला नाही.

"लाभ," ते पुटपुटले.

मागून दुसरी ओळ आली, तिसरी आली. त्यांनी पुढं मोजलंच नाही.