खिडकीबाहेरच्या मोठ्या बाई

आमच्या मोठ्या बाईंना सर्दी झाली, की त्या स्वतःच स्वतःला वर्गाबाहेर काढत. अक्षरशः! व्हरांड्यात उभ्या राहायच्या, एका हातानं खिडकीचा गज धरायचा, दुसऱ्या हातात रुमाल, आणि तिथून सातवीला त्रैराशिक शिकवायचं. फळ्यावर लिहायला आत एखादी मुलगी. ती चुकली की बाहेरून आवाज यायचा, "अगं गुणायचं, भागतेस काय!" आणि पाठोपाठ शिंक. मुली खो-खो हसत, बाईही हसत, पण उंबरा काही ओलांडत नसत. एकदा तपासणीला आलेले साहेब हे बघून चक्रावलेच. "बाई, आत या ना," म्हणाले. बाई म्हणाल्या, "साहेब, आत चाळीस मुली आहेत, आणि सर्दी मला एकटीला झालीय. ती माझ्याकडेच राहू दे." साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं देव जाणे.

मोठ्या बाई म्हणजे कोपरगावातल्या आमच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. मी नगरहून नवी नवी नोकरीला आलेली, बावीस वर्षांची, आणि नाकाचा शेंडा जरा वरच असलेली. राहायची सोय बाईंच्याच घरी, पुढच्या खोलीत. बाई पन्नाशीच्या, एकट्या, बुटक्या. सुती पातळ, पदर कमरेला खोचलेला, आणि पदराला सेफ्टी पिनेनं टोचलेला पांढराशुभ्र रुमाल. हा रुमाल रोज उकळत्या पाण्यातून निघायचा. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "भाडं नको. मला सर्दी झाली की स्वयंपाक तू करायचास, एवढंच." मला वाटलं, थट्टा करतायत. छे हो! अगदी मनापासून सांगत होत्या.

आणि बाईंचा केक! काय सांगू त्या केकचं! तेव्हा कोपरगावात केक म्हणजे बेकरीच्या काचेतला, गुलाबी फुलांचा, आणि त्यात अंडं असणार म्हणून निम्म्या घरांत वर्ज्य. बाईंचा केक रव्याचा. रवा, साखर, दही, साय, वेलदोडे आणि चिमूटभर सोडा. ओव्हन? कुठला आलाय ओव्हन! जाड बुडाचं पातेलं, तळाशी गोदावरीची धुऊन चाळून घेतलेली वाळू, वाळूवर लोखंडी कडं, कड्यावर तूप लावलेला डबा, वर झाकण आणि झाकणावर निखारे. खाली शेगडी फुललेली. घड्याळ बाई बघत नसत. "वास अंगणापर्यंत आला की उतरवायचा," म्हणत. आणि खरंच, त्या अंगणात तुळशीला पाणी घालत असत आणि मधेच तांब्या ठेवून आत धावत. केक निघायचा तो बदामी, सगळीकडून सारखा.

आता तुम्ही म्हणाल, शाळेच्या बाईंना केकचा एवढा सोस कशाला? तर त्यात खरी गंमत होती. आमची शाळा सातवीपर्यंत. पुढं हायस्कूल. सातवीनंतर कितीतरी मुली घरी बसायच्या. म्हणून दर उन्हाळ्यात बाई हायस्कूलचे फॉर्म आणि केकचा डबा पिशवीत घालून घरोघर जात. आधी केक. सगळ्यांनी खाल्ला, बोटं चाटली, की पिशवीतून फॉर्म बाहेर. "तोंड गोड झालं, आता इथं सही करा." बायका पदराआड हसत आणि पुरुषमाणसांना पेन धरावंच लागे. तोंडात केक असताना नाही म्हणायला जमत नाही, असं बाईंचं म्हणणं होतं, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्या वर्षी सगळ्या सह्या झाल्या, एक राहिली. इंदूची. इंदू म्हणजे वर्गातली सगळ्यात तल्लख पोरगी. बाई खिडकीबाहेर असल्या की फळ्याशी तीच उभी असायची. तिच्या वडिलांचा गावाबाहेर ऊस, खाऊनपिऊन सुखी घर. चार मुलींवर मुलगा झालेला, सव्वा महिन्याचा. त्याला सांभाळायला थोरली म्हणून इंदूला घरी ठेवायचं चाललं होतं. वडिलांनी निरोप धाडला होता, रविवारी दुपारी घरी आहे, काय ते बोलून घ्या. आणि फॉर्म द्यायची शेवटची तारीख सोमवार! म्हणजे रविवार हुकला की इंदू कायमची पाळण्याशी.

शुक्रवारी मी बाईंना आग्रह करकरून रसवंतीत नेलं आणि बर्फ घातलेला उसाचा रस पाजला. हो, मीच! नको नको म्हणत होत्या. शनिवारी संध्याकाळी बाईंनी इंदूच्या घरासाठी केक भाजला, उतरवला, ताटात पालथा घातला, आणि डबा उचलता उचलता पहिली शिंक आली.

बाई केककडे बघतायत, मी बाईंकडे.

"तोंड वळवलं होतं तुम्ही," मी घाईनं म्हणाले. "मी पाहिलं."

"वळवलं होतं बहुतेक," बाई म्हणाल्या आणि दुसरी शिंक दिली. मग तिसरी.

"अहो, एवढ्या निखाऱ्यांत जंतू जिवंत राहतात होय?"

"आतले मेले असतील. मी शिंकले ती केक बाहेर आल्यावर. त्या घरात सव्वा महिन्याचं लेकरू आहे. त्याच्या आईला जाऊन काय सांगू, 'बहुतेक' वळवलं होतं म्हणून?"

मी चिडलेच. "सांगायचंच कशाला? कुणाला कळणार आहे? इंदूच्या आयुष्याचा प्रश्न आहे बाई, आणि तुम्ही एका शिंकेचं काय घेऊन बसलात!"

मला वाटलं आता फटकारणार. पण त्या खाली बसल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "माझी पहिली नोकरी होती. अशीच सर्दी होती. मी शिंकत शिंकत वर्गात शिकवलं, वर स्वतःच्या हातानं केलेले लाडू वाटले. स्कॉलरशिपच्या परीक्षेला माझ्या सहा मुली तापानं घरी झोपलेल्या. एकजण तर पहिली आली असती गं. जिन्नस गोड आहे म्हणून त्याच्याबरोबर काहीही द्यायचं का?" मग नाक पुसून उठल्या. "केक दुसरा होईल. उद्या सकाळी तू कर."

मी! चहापलीकडे माझी मजल नव्हती. रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे आला की बाई मुकाट्यानं पिठलं गिळत, एवढीच माझी ख्याती.

रविवारी सकाळी मी आत शेगडीशी आणि बाई अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर. रुमाल नाकाला. "हात धुतलेस? पुन्हा धू. साय फेट, अजून फेट. अगं घुसळतेस काय, ताक करायचंय का?" मी घामाघूम. रव्याचा गोळा झाला, तो सोडवला. सोडा जास्त पडला, तो चमच्यानं काढला. झाकणावर निखारे ठेवताना एक पायाजवळ पडला आणि मी जी उडी मारली! बाई बाहेर हसून हसून शिंकायला लागल्या. "हसू नका हो, पाय भाजला असता माझा," मी ओरडले. आणि त्यात मुख्य पंचाईत लक्षात आली. बाईंना वास येत नव्हता! नाक पार बंद. "आला का गं वास?" त्या दर दोन मिनिटांनी विचारायच्या. "येतोय, पण चांगला का करपल्याचा, ते कळत नाही," मी सांगायची. झाकण काढलं तेव्हा केक मधे बसका आणि एका बाजूनं काळा झालेला. मला रडू फुटायचं बाकी होतं. बाईंनी गजांतून मान उंच करून पाहिलं. "काळं खरवडून टाक. चल, ऊन चढायच्या आत निघू."

वाटेनं मी पुढं आणि बाई माझ्यामागं दहा पावलं. मी थांबले की त्याही थांबत. इंदूचं घर आलं. तिचे वडील ओसरीवर बसले होते. मी वर गेले, बाई मात्र पार अंगणाच्या कडेला, गोठ्यापाशी, भर उन्हात उभ्या राहिल्या आणि तिथूनच नमस्कार केला.

"वर या की बाई!" वडील म्हणाले.

बाईंनी हातानंच नको म्हणून सांगितलं. त्या माणसाचा चेहरा बघता बघता उतरला. माझ्याकडे वळून म्हणाला, "व्हय, आता समाजलं. घरात बाळंतीन हाय म्हनून सुवेर-इटाळ पाळत्यात जनू. सव्वा म्हैना झाला, सुवेर कवाच फिटलं. तरीबी आमच्या ओसरीला पाय लावायचा न्हाई? मंग आमची सही तरी कशाला पायजे?" आणि उठून आत निघाला.

इंदू दाराआडून बघत होती, तिचा चेहरा पांढराफटक. मी ओरडलेच, "अहो दादा, सुवेर नाही, सर्दी! बाईंना सर्दी झालीय! तुमच्या बाळाला लागू नये म्हणून त्या वर येत नाहीत. केकसुद्धा त्यांनी स्वतः केलेला आणला नाही, मला करायला लावला!"

"असं कुठं आस्तंय व्हय?" तो म्हणाला. विश्वास बसेना. सर्दीसाठी कोण उन्हात उभं राहतं?

आणि तेवढ्यात गोठ्यापाशी बाई शिंकल्या. एक, दोन, तीन, चार, पाच! बांधलेली म्हैस दचकून दावं ओढायला लागली. इंदूचे वडील बघतच राहिले आणि मग असे हसायला लागले की ओसरीवर मटकन बसले. मीही हसले, दारात इंदू हसली. त्यांनी केकचा तुकडा तोंडात टाकला, दोन क्षण चावला आणि विचारलं, "ह्यो तुमी केला?"

"हो."

"दिसतंयच."

पण निर्णय झाला तो आतून. खाटेवरून इंदूची आई बोलली, आणि असं बोलली की मला अजून शब्दन् शब्द आठवतोय. "माझ्या नणंदा सर्दी घिऊन आल्या, पाळन्यात वाकून मुकं घिऊन गेल्या. पोर चार दिस दूध प्यालं न्हाई. या बाई कोन कुठल्या, माझ्या पोरासाठी उन्हात हुभ्या हायेत. पोराला म्या सांभाळीन. तुमी सही करा."

त्यांनी सही केली. मी कागद हातात घेऊन अंगणात धावत सुटले. "झाली बाई, झाली!" बाईंना मिठी मारायची होती मला. त्यांनी हात पुढं करून मला दहा पावलांवरच थांबवलं, पण नाकाला लावलेल्या रुमालाच्या वर डोळे नुसते चमकत होते. तो पहिला केक, शिंकेचा, बाईंनी एकटीनं आठ दिवस चहात बुडवून खाल्ला. मी कितीदा मागितला, एक कण दिला नाही.

पुढं माझं लग्न झालं, मी नगरला आले. वीसेक वर्षं गेली. इंदू शिकून हायस्कुलात बाई झाली, नगरलाच सावेडीत तिनं घर बांधलं, आणि निवृत्त झालेल्या मोठ्या बाईंना हट्टानं स्वतःकडे आणून ठेवलं. एक दिवस तिचा निरोप आला, बाईंचं काही खरं नाही, भेटून जा.

मी लगेच केक करायला घेतला. एव्हाना मला उत्तम जमत होता. पण नेमकी आदल्या दिवसापासून सर्दी! रिक्षात डबा मांडीवर घेऊन मी स्वतःशीच भांडत होते. द्यावा की न द्यावा? भाजताना शिंकले नव्हते. बहुतेक.

इंदूनं दार उघडलं, माझं लाल नाक पाहिलं आणि हात आडवा केला. "बाई, तिथंच थांबा."

"अगं इंदू, एवढंसं नाक..."

"बाई, खिडकीशी या."

मी बागेतून फिरून खिडकीशी गेले. आत खाटेवर मोठ्या बाई, उशीएवढ्या झालेल्या. मला पाहिलं, माझा रुमाल पाहिला, हातातला डबा पाहिला, आणि त्यांचा चेहरा असा खुलला!

"कोणी केला?" आवाज अगदी बारीक.

"मी."

"सर्दी कधीपासून?"

"कालपासून."

"मग?"

मी डबा पाठीमागं लपवला. मला आत जायचं होतं, त्यांचा हात हातात घ्यायचा होता, आणि मी गज धरून रडत होते. बाई मात्र हसत होत्या. "करपला नाही ना या वेळी?"

"नाही हो. चांगला झालाय."

"मग आठ दिवस पुरेल तुला," त्या म्हणाल्या.

पाचव्या दिवशी बाई गेल्या. माझी सर्दी तेव्हा नुकतीच उतरली होती. केक तीन दिवसांचा शिल्लक होता. घरातले मागत होते, मी कुणाला दिला नाही. चहात बुडवून एकटीनं संपवला. सगळीकडून सारखा, बदामी झाला होता.