पुनानी गाडी

धुळ्यात आग्रा रोडला पारसमल शेठांचं किराण्याचं ठोक दुकान होतं. चौसष्ट साली त्यांनी माल पोचवायला तीन चाकांचा टेंपो घेतला आणि देवपूरच्या पुनाला त्यावर बसवलं. नाकाड पुढे काढलेली ती गाडी चढ आला की धापा टाकायची. पण सोनगीरपासून नरडाण्यापर्यंतच्या दुकानांत साखर, गूळ, तेलाचे डबे तीच पोचवायची.

पुनानं तिला कधी पळवलं नाही. रस्त्यात कुणी हात केला की तो थांबायचा. भाज्यांची टोपली असो की कडेवर लेकरू घेऊन माहेरी निघालेली बाई असो, पोत्यांच्या मधे तो जागा करून द्यायचा. शेठांना हे ठाऊक होतं. ते काही बोलत नसत.

गाडीच्या कागदांवर काहीतरी परदेशी नाव होतं. शेठांचा धाकटा भाऊ लालचंद ते वाचून दाखवायचा आणि वर समजावायचा, "अरे, टेंपो हे कारखान्याचं नाव. गाडीचं नाव वेगळं." पण ते वेगळं नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. गावं आपली अहिराणीत म्हणायची, 'पुनानी गाडी', म्हणजे पुनाची गाडी. "पुनानी गाडी उनी का?" एवढं विचारलं की दुकानदाराला कळायचं.

आठ वर्षांत टेंपोचं इंजिन बसलं. शेठांनी मॅटाडोर आणली. चार चाकं, चपटं तोंड, माल दुप्पट. लालचंदनं याही नावाचा अर्थ सांगितला, "तिकडे स्पेनमधे बैलाशी झुंजतो ना, तो मॅटाडोर."

पुना हसला. "बैलाशी झुंजायचं कशाला? बैलगाडी पुढे असली तर मागून सावकाश जायचं."

पहिल्या दिवशी गाडी त्यानंच धुतली, हार घातला. पण त्याचं लायसन तीनचाकीचं होतं. नवीन काढायला गेला तेव्हा साहेबानं त्याचा उजवा डोळा झाकला आणि भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. पुनाला भिंतच दिसेना. लहानपणी कपाशीची काडी लागून त्याचा डावा डोळा गेला होता. वरून बघून ते कळत नसे, म्हणून बायको मंदाबाई सोडली तर कुणाला पत्ता नव्हता.

साहेब भला माणूस होता. म्हणाला, "नाना, माझ्या हातात काही नाही. खरं तर तुम्ही तीनचाकीही चालवायला नको होती."

शेठांनी पुनाला काढलं नाही. गोदामावर ठेवलं. मॅटाडोरवर चाळीसगावचा झुलाल आला. तरणा, हाताचा पक्का, पण वाटेत थांबणारा नाही. "मालाची गाडी आहे, एस्टी नाही," म्हणायचा. त्याचंही चूक नव्हतं.

बाजाराला आलेले लोक गोदामात येऊन पुनालाच बोलायला लागले. "काय रे, आते मोठा व्हयना का? हात दखाडा तरी थांबत नही?"

"मी नाही चालवत आता," पुना सांगायचा.

"पण गाडी तर तुनीच शे ना!"

शेवटी त्यानं शेठांना गळ घातली आणि गाडीवर दुकानाचं नाव ठळक रंगवून घेतलं. फाट्यावर उभ्या राहणाऱ्या बायांपैकी ते वाचणार कोण?

त्यात द्रौपदाबाई होती. सोनगीरच्या पुढच्या फाट्यावरून ती वांग्यांची टोपली घेऊन बाजाराला जायची. साठी उलटलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. एका सकाळी गाडीच्या नेहमीच्या वेळेला हॉर्न ऐकला आणि आठ वर्षांच्या सवयीनं ती हात वर करून थेट रस्त्यात उतरली. झुलालनं करकचून ब्रेक दाबला, गाडी वळवली, तरी बाजूचा धक्का बसलाच. खुब्याचं हाड मोडलं. झुलालनंच तिला उचलून धुळ्याच्या दवाखान्यात आणलं.

तासाभरात गोदामात बातमी आली, ती अशी: पुनाच्या गाडीनं द्रौपदाबाईला उडवलं.

पुना तसाच धावत दवाखान्यात गेला. दारातच तिच्या मुलानं, गिरधरनं, त्याची कॉलर धरली. गाडीवर दुसरा होता असं लोकांनी सांगितलं तेव्हा हात सुटला. पण गिरधर म्हणाला, "मायनी तुनी गाडी समजीसन हात दखाडा." पुना त्याच्या बाजूनं आत गेला.

आत द्रौपदाबाई डोळे मिटून पडली होती. आवाज ओळखून म्हणाली, "पुना, मी हात दखाडा रे. तू का बरं थांबना नही?"

"अक्का, मी नव्हतू. माले आते गाडी देत नहीत."

तिनं चाचपडत त्याचा हात धरला. "जाऊ दे. भूल व्हस. माणूस शे."

पुना तिथेच खाटेशी खाली बसला. ती रागावली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर त्याला काही बोलता आलं असतं. तिनं तर माफ करून टाकलं होतं.

पाय आखूड राहिला. द्रौपदाबाईचा बाजार सुटला. सुट्टीच्या दिवशी पुना एस्टीनं तिच्या गावी जायला लागला. कधी पावशेर चहा, कधी गुळाचा खडा न्यायचा, तिचं सरपण फोडून द्यायचा. सुरुवातीला दर खेपेला सांगायचा, अक्का, तो मी नव्हतो. ती 'हां, हां' करायची. पुढे पुढे त्यानं सांगणं सोडलं.

मंदाबाई एकदा चिडून म्हणाली, "तुमी पाडलं नाही, तर जाता कशाला?"

"मग कोण जाईल? झुलालला तिचं नावबी माहीत नाही."

ओट्यावर कुणी नवखं माणूस येऊन बसलं की द्रौपदाबाई पुनाकडे बोट करायची. म्हणायची, "यानीच माले पाडं. पण भेटाले येस बिचारा."

पुना मान खाली घालून चहा संपवायचा, कप विसळून ठेवायचा, आणि पाचची एस्टी गाठायला उठायचा.