झरीनाच्या तीन पोळ्या

इचलकरंजीहून निघताना सगळे रडत होते आणि मी टॅक्सीवाल्याशी घासाघीस करत होते. मुंबई विमानतळापर्यंतचा भाव त्याने आयत्या वेळी वाढवला होता. आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "आज तरी सोड गं." मी सोडलं नाही. सूतखरेदीच्या पेढीवर उमेदवारी करून वर आले मी. भाव सोडायला मला कुणी शिकवलेलंच नाही.

टॅक्सी ठरली, तसा माझा थोरला भाऊ पुढे झाला. कडेवरच्या गौरीचा, माझ्या लेकीचा, गाल ओढून सगळ्यांसमोर म्हणाला, "घ्या बोलून हिच्याशी आत्ताच. पुढच्या खेपेला दुभाष्या लागेल." सगळे हसले. रडणारेसुद्धा हसले. दादा, ते हसू मी विसरलेले नाही. हे लिहितेय ते तुझ्यासाठी, आणि निघताना असंच काहीबाही ऐकून इथे जर्मनीत आलेल्या सगळ्यांसाठी.

एश्बॉर्नला मी एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. सप्लायर 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', करत मान डोलावतात आणि भाव मात्र तोच ठेवतात. त्यांनाही मी खाली आणते. घरात माझं काही चालत नव्हतं. गौरीला मराठी सगळं कळायचं, पण "जेवलीस का?" विचारलं की जर्मनमध्ये उत्तर यायचं, "जा, शोन," म्हणजे हो, कधीच. रविवारी स्काईपवर दादा तिला काही विचारायचा, ती जर्मनमध्ये सांगून पळायची, आणि दादा नुसता माझ्याकडे बघायचा. बोलला असता तर निदान भांडता आलं असतं.

मग आम्ही नव्या वोनुंगमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, राहायला आलो. गृहप्रवेशाची पूजा आटोपली होती, पाहुणे बसले होते. खालच्या मजल्यावरची झरीना ताटात भाकरीएवढ्या तीन गोल पोळ्या घेऊन आली, आत चीज भरलेल्या, एकीवर एक रचलेल्या. मला आईचा आवाजच ऐकू आला: "ताटात तीन वाढू नये, ते गेलेल्या माणसाचं." मी हसत आभार मानले आणि वरची पोळी उचलून बाजूला ठेवली.

झरीनाने ती परत ताटात ठेवली. मी पुन्हा काढली.

"तीनच!" ती म्हणाली.

"माझ्या घरात तीन नाही. चार कर."

"चार कुठे असतात? आणि दोन आमच्यात माणूस मेल्यावर ठेवतात!"

"अगं बाई, आमच्यात तीन!"

आमचे हे मला डोळ्यांनी गप्प करत होते. पण झरीना हसत सुटली, मग मीही. शेवटी सौदा मीच मांडला: तीन ठेव, काय म्हणायचं ते म्हण, आणि लगेच काप. कापल्यावर कोण मोजतंय?

उभ्याने तिने प्रार्थना म्हटली. मी तिला रशियन समजत होते, पण ही भाषा रशियन नव्हती. गौरीने विचारलं, तेव्हा तिने सांगितलं. ही ऑसेटियन. नावाला नोम, दहाला दॅस. फार पूर्वी अलान नावाचे घोडेस्वार होते, त्यांची भाषा इराणी कुळातली. त्यांच्यातले काही पश्चिमेकडे निघाले. इथेच माइन्झजवळ त्यांनी राईन ओलांडली म्हणतात, मग स्पेन, मग आफ्रिका. तिथल्या लोकांत मिसळले आणि त्यांची भाषा संपली. कॉकेशसच्या डोंगरांत जे राहिले, त्यांच्या तोंडी ती बदलत बदलत टिकली. तीच ही.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे पुन्हा दादाच खरा? राहिले ते तरले, गेले ते बुडाले?

"मग तू इथे बसून काय करतेस?" मी तडकून विचारलं.

"बोलते," झरीना म्हणाली. "माझा मुलगा जर्मनमध्ये जेवण मागतो, तेव्हा मला ऐकू येत नाही. भूक लागली की त्याला भाषा येते."

पाहुणे गेले. पोळीचे काही तुकडे उरले होते. गौरी आली. "मामा, नॉख आइन श्ट्युक." जर्मनमध्ये आईला मामा म्हणतात; तिला अजून एक तुकडा हवा होता. मला ऐकू आलं नाही. "मामा, बिटेऽऽ!" म्हणजे प्लीज. मी ताटं विसळत राहिले. तिने पाय आपटले, बापाकडे पाहिलं. तो पेपरात तोंड खुपसून बसला. मग तिचा माझ्यावरचा सगळा राग मराठीत बाहेर आला.

"आई! ऐकू येत नाय का तुला? मला तीन तुकडे पायजे!"

"तीन देत नाही आपण."

"मग चार दे!"

दादा, आयुष्यभर लोकांना खाली आणलं मी. त्या दिवशी भाव वर चढवून माझ्याच पोरीने मला गुंडाळलं, आणि मी मुकाट्याने दिले चार.

राईन मी ओलांडली तर ओलांडली. तिकडे इचलकरंजीत तुझा नातू इंग्लिश मीडियमला जातो. त्याचं तू बघ. माझं घर इथे आहे, जिथे माझी पोरगी माझ्याशी मराठीत घासाघीस करते. ये एकदा. दुभाष्या आणू नकोस. आणि तिच्याशी बोलताना पहिला भाव तू सांगू नकोस, हरशील.