गवंड्याची नात आणि पाऊण कलिंगड

चाळीस वर्षं मी गवंडीकाम केलं. खरी मेहनत कोणती आणि देखाव्याची कोणती, हे ओळखायला मला वेळ लागत नाही. नातीच्या वर्गाच्या बाईंच्या बाबतीत मात्र मी फसलो.

नात चौथीत. अपूर्णांकांत दोनदा नापास. तिसऱ्यांदा नापास झाली तर त्याच वर्गात बसवू, असं मुख्याध्यापकांनी सूनबाईला तोंडावर सांगितलं होतं. आणि बाई म्हणे वर्गात कागद कापतात, टाळ्या वाजवतात. मी तावातावाने शाळा गाठली.

"बाई, हे शिकवणं आहे की पोरखेळ?"

"पोरंच आहेत, काका. बसा मागच्या बाकावर. गुडघे सांभाळा."

एकतीस पोरं, धडा एकच : पाऊण. कुणी कागदाच्या घड्या घालत होतं, कुणी पेल्याने पाणी मापत होतं, दोघी तालावर टाळ्या देत होत्या. बाई एकेकापाशी वाकून तेच वेगळ्या तऱ्हेने विचारत होत्या. तासभरात एकदाही बसल्या नाहीत. माझ्या नातीपुढे लाकडी ठोकळे. ती रडवेली.

बाई माझ्याजवळ आल्या. "घरी हिला हातकाम आवडतं का हो?"

"छे! हिला साधा खिळा ठोकता येत नाही. तोंड मात्र अखंड चालू. आजीला गोष्ट सांगायला लागली की श्वाससुद्धा घेत नाही."

बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "गवंड्याची नात म्हणून महिनाभर हिला ठोकळेच दिले. चूक माझी."

वाकड्या भिंतीवर गिलावा मारून मोकळे होणारे मुकादम मी ढिगाने पाहिले. आपणच बांधलेली भिंत चारचौघांत पाडणारं माणूस पहिल्यांदाच पाहिलं.

बाईंनी ठोकळे बाजूला सारले. "एक कलिंगड, चार भावंडं, सारखे वाटे. त्यातलं एक रुसलंय. पुढे तू सांग."

"तिघांनी आपापलं खाल्लं, म्हणजे पाऊण संपलं!" नात उसळली. "पाव उरलं. रुसलेल्याला भूक लागली की येईल गपचूप."

पुढचे तीन आठवडे रोज मधल्या सुट्टीत बाईंनी हिच्याकडून एकेका गणिताची गोष्ट करून घेतली. स्वतःचा डबा कधी खायच्या, देव जाणे.

परीक्षेच्या दिवशी मी खिडकीबाहेर उभा होतो. नात पुटपुटत गणितं सोडवत होती. मुख्याध्यापक खेकसले, "तोंड बंद!" बाई आडव्या आल्या. "सर, ती बोलत नाहीये, मोजतेय. हवं तर वेगळी बसवा, पण पुटपुटू द्या." वेगळी बसवली.

पंचवीसपैकी सतरा पडले. नात पाचवीत गेली.

मी आभार मानायला गेलो, तर बाई दुसऱ्या एका मुलीच्या वहीत डोकं घालून बसलेल्या. मान वर न करता म्हणाल्या, "काका, हिला गोष्टही चालत नाही, ठोकळेही नाहीत. काय चालतं, ते अजून सापडायचंय."