माझी एकुलती एक वाचक

चहा आधी पिऊन घ्या, कारण मी सांगणार आहे ती फजिती ऐकताना कपाकडे लक्ष राहायचं नाही. आणि मधेच ‘असं कसं केलंत बाई?’ म्हणू नका. ते मी स्वतःला रोज म्हणते.

मी मराठीची शिक्षिका. करमाळ्याला एकाच शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यावर मी आणि आमचे हे, असे दोघं सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ भागात फ्लॅट घेऊन राहायला आलो. इथं हाताशी वेळच वेळ. आणि रिकामी बसलेली मराठीची बाई दुसरं काय करणार? आठवणींचं पुस्तक लिहिलं. छापून घेतलं. जुन्या विद्यार्थ्यांना पाठवलं, जिल्ह्यातल्या चार-पाच वाचनालयांना भेट दिलं. फोन यायला लागले, “बाई, भारी झालंय.” मी तर ढगातच होते की.

तीन-चार महिन्यांनी माझ्या धाकट्या बहिणीनं, मंदानं, मोबाईलवर काहीतरी पाठवलं. खाली लिहिलं होतं, ‘ताई, तुझ्या पुस्तकावर कुणीतरी लिहिलंय.’ उघडून बघितलं तर ‘पानाची घडी’ नावाचं एक पेज. कुणी मुलगी वाचलेल्या पुस्तकांबद्दल तिथं लिहायची. नाव दिलेलं नव्हतं, फक्त अक्कलकोट एवढंच.

चांगलं लिहिलं होतं हो. शाळेतल्या विहिरीचं प्रकरण तिला फार आवडलं होतं. आमच्या शिपाईमामांचं वर्णन वाचून रडू आलं, असंही होतं. आणि मग शेवटी दोन ओळी होत्या. ‘मधली चाळीस पानं मला जड गेली. वाक्यं इतकी लांब आहेत, की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवातीला कोण होतं ते विसरायला होतं.’

वरची सगळी स्तुती एका क्षणात पुसली गेली. डोळ्यांपुढे फक्त त्या दोन ओळी. कढईतले पोहे करपले, तरी माझं लक्ष नाही. मंदाला कधी एकदा सांगते असं झालं. तिच्याच मेसेजमधून ते उघडलं होतं ना, म्हणून खाली लिहायची जागा दिसली ती मंदाचीच असणार असं मी धरून चालले आणि लिहिलं, ‘मंदे, वाचलंस का हे? कोण ही पोर? जड गेलं म्हणे. हिला मराठीच नीट येत नसणार. आमच्या वर्गात असती तर पहिल्या बाकावर बसवून वाचून घेतलं असतं.’

पाठवलं, मन हलकं झालं, आणि मी दुपारची आडवी झाले.

तुमच्या लक्षात आलंच असेल. ते मंदाला गेलंच नव्हतं. ते त्या मुलीच्या लेखाखाली, माझ्या पूर्ण नावानिशी, पैठणीतल्या फोटोसकट, साऱ्या जगाला दिसेल असं जाऊन बसलं होतं.

चार वाजता उठून बघते, तर मोबाईल नुसता थरथरतोय. माझे विद्यार्थी जमले होते. एकानं बघितलं, त्यानं आमच्या जुन्या शाळेच्या ग्रुपवर टाकलं, आणि बत्तीस वर्षांच्या बॅचा त्या पेजवर उतरल्या. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा दत्ता सगळ्यांच्या पुढं. त्यानं लिहिलं होतं, ‘बाई, कोन हाय ही? कुटं राहती? तुमी फकस्त सांगा.’ एकानं लिहिलं होतं, ‘आमच्या बाईंना नावं ठेवनारी तू कोन?’ एकीनं त्या मुलीच्या दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या होत्या, आणि त्या काढताना स्वतः चार केल्या होत्या.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? तिथल्या तिथं आपली चूक कबूल करून सगळ्यांना गप्प केलं असतं. मी काय केलं? माझे डोळे भरून आले. वाटलं, बघा, पेरलं ते उगवलं. आणि डोळे पुसत पुसत प्रत्येकाला एकेक अंगठा दिला. एकालाही सोडलं नाही. हजेरी घेतल्यासारखी घेतली.

मग मंदाचा फोन आला. ती म्हणाली, “ताई, तू मला काय लिहिलंस ते मला आलंच नाही, पण आख्ख्या करमाळ्यानं वाचलं.”

पेज उघडलं, तर सगळे लेख काढून टाकलेले. राहिल्या होत्या त्या तीन ओळी. ‘माझं मराठी कच्चं आहे, हे खरं आहे. सुधारलं की परत लिहीन. बाईंना त्रास झाला, त्यांची माफी मागते.’

त्या ओळी मी कितीदा वाचल्या कोण जाणे. बत्तीस वर्षांत एकाही मुलाला ‘तुला येत नाही, लिहू नकोस’ असं म्हटलं नव्हतं मी. आणि निवृत्त झाल्यावर, न बघितलेल्या पोरीला, साऱ्या गावासमोर तेच म्हणून बसले होते.

पहिला फोन दत्ताला लावला. चूक माझी आहे, आता कुणी एक अक्षर लिहू नका, असं सगळ्यांना सांग म्हटलं. तो “व्हय बाई, व्हय बाई” करत राहिला. बोलता बोलता सहज विचारलं, पुस्तकातलं तुला काय आवडलं रे?

त्यानं आधी दुकानातलं गिऱ्हाईक वाटेला लावलं. मग म्हणाला, “बाई, खोटं न्हाय बोलत. पुस्तक देवघरात ठेवलंय. रोज हळदकुंकू वाहतो.”

मग मी एकेकाला फोन करत सुटले. एकाची मुलगी दहावीला होती, ती सुटली की सगळे मिळून वाचणार होते. एकाचं पुस्तक सासऱ्यांनी नेलं होतं. मंदा बाराव्या पानावर होती, तीन महिन्यांपासून. शेवटी आमच्या ह्यांच्याकडे वळले. म्हटलं, तुम्ही तरी वाचलंय, प्रुफं तपासलीत तुम्ही. हे चष्मा पुसत म्हणाले, “मी ऱ्हस्व-दीर्घ बघत होतो. त्यात काय लिहिलंय तिकडे माझं लक्ष नव्हतं.”

म्हणजे हिशेब सरळ होता. माझं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारं माणूस पृथ्वीतलावर एकच होतं, आणि त्याला मी माझी फौज पाठवून पळवून लावलं होतं.

त्या तीन ओळींखाली काहीतरी लिहावं, असं मनात आलं. पण म्हटलं, लिहून झालं तेवढं पुरे. अक्कलकोटच्या वाचनालयाला पुस्तक दिलं होतं, तिथल्या ग्रंथपालांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुमचं पुस्तक एकाच मुलीनं नेलंय, पण दोनदा नेलंय. पत्ता असा देता येत नाही, तिला विचारतो. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला. अंबिका तिचं नाव, एका दवाखान्यात कामाला होती, आणि गुरुवारी घरी असणार होती. ‘बाई रागावणार नसतील तर या म्हणावं,’ असं तिनं कळवलं होतं.

गुरुवारी एसटी स्वामींच्या दर्शनाला निघालेल्या माणसांनी गच्च. शेजारच्या आजी म्हणाल्या, कसला नवस हाय? मी म्हटलं, माफी मागायची आहे. त्या म्हणाल्या, मागा, स्वामी लई दयाळू हायेत. आता त्यांना काय समजावून सांगणार?

दार अंबिकाच्या आईनं उघडलं. “बर्री, कूड्री” असं कानडीत म्हणत आत बोलावलं, चटई टाकली. त्यांना मराठी जेमतेम कळायचं. अंबिका पंचविशीची असेल, बारीक चणीची. आली ती वाकून पायाच पडली. हातात एक वही धरली होती. तिला वाटलं होतं, मी तिची परीक्षाच घ्यायला आले.

मी तिला शेजारी बसवलं आणि म्हटलं, “चूक माझी आहे. पुस्तक छापून दिलं की लिहिणाऱ्याचं काम संपतं. तू लिहिलंस ते वाचणाऱ्यांसाठी होतं, मी त्यात तोंड घालायला नको होतं. आणि मराठी येत नाही म्हटलं, ते तर पापच केलं.”

तिनं वहीचा कोपरा दुमडला. मग म्हणाली, “बाई, तुम्ही लिहिलं ते तुमच्या बहिणीसाठी होतं, ते कळलं मला. पण नंतर त्या सगळ्यांना तुम्ही अंगठे दिले, तेव्हा रडले.”

खाली मान घालून बसले. शिक्षिका झाल्यापासून पहिल्यांदा समोरच्या बाकावर बसल्यासारखं वाटलं.

मग तिनंच वही पुढे केली. दहावीपर्यंत ती कन्नड शाळेत शिकलेली. मराठी वाचायला शिकली ती वाचनालयातून, एकेक पुस्तक करत. वहीत माझ्या पुस्तकातले अडलेले शब्द लिहून समोर अर्थ लिहिले होते. पानंच्या पानं. पहिल्या वाचनात मधला भाग कळला नाही, तेव्हा तिला वाटलं, आपलंच मराठी कमी पडतंय, म्हणून परत नेलं. दुसऱ्यांदा सगळे शब्द कळले, तरी वाक्यं कळेनात. तेव्हा कुठं तिनं त्या दोन ओळी लिहिल्या होत्या. इतका अभ्यास करून माझ्या पुस्तकाला कुणी जड म्हणेल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

ती परत लिहायला लागली, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला. तिच्या पुढच्या लेखाखाली दत्तानं लिहिलं, ‘सॉरी ताई. पुस्तक देवघरातून काढलं. पान नऊ.’ मी मात्र तिथं जाते, वाचते, आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन गप्प बसते.

त्या दिवशी निघताना अंबिकानं भीत भीत विचारलं, “बाई, पान चौऱ्याहत्तर वाचून दाखवता का? कुठं थांबायचं, तेवढं कळेल.”

म्हटलं, आण. वर्गात वाचत असे तशी ताठ बसले, घसा साफ केला. ‘ज्या दिवशी आमचं स्नेहसंमेलन, जे दर वर्षी डिसेंबरात होत असे पण त्या वर्षी मुख्याध्यापकांच्या मुलीच्या लग्नामुळे, जे मुळात वैशाखात ठरलं होतं परंतु मुलाच्या आत्याच्या आजारपणामुळे, जो आजार पुढे…’ मी वाचतेय, पूर्णविराम दिसत नाही. पान उलटलं. तिथंही नाही. आत्या बऱ्या झाल्या, मांडव पडला, ट्रॅक्टर बंद पडला, माझा आवाज चिरकायला लागला, पण थांबायचं कुठं? अंबिका ओठ दाबून वहीत बघत होती.

तिची आई इतका वेळ कौतुकानं ऐकत होती. ती घाबरून उठली आणि लेकीच्या खांद्याला हात लावून काहीतरी पुटपुटली. मी मधेच थांबून विचारलं, काय म्हणाल्या गं? त्यांना आवडलं का?

अंबिका म्हणाली, “आई विचारतेय, बाईंना दम्याचा त्रास आहे का, पाणी आणू का.”

तांब्याभर पाणी प्यायले मी.