इटालियन हॉटेलातलं माझं ताट

माझी नात मुंबईत नोकरीला आहे. परवा फोनवर म्हणाली, "आजी, या खेपेला आलीस की तुला चांगली चांगली इटालियन हॉटेलं दाखवते." मी म्हटलं, दाखव बाई, पण त्यातलं एक मी तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी बघितलंय. आणि नुसतं बघितलं नाही, तिथं तीन पुरुषांना रिकाम्या ताटल्यांपुढं बसवून ठेवलंय. तिला वाटलं, म्हातारी फेकतेय. म्हणून हे लिहिते.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. धाकट्या दिरांना मुंबईत नोकरी लागली होती आणि त्यांच्यासाठी दादरची एक मुलगी बघायची होती. सासूबाईंना प्रवास सोसायचा नाही, थोरल्या जाऊबाईंचे दिवस भरत आलेले. मुलगी बघायला एक तरी बाईमाणूस हवं, म्हणून माझा नंबर लागला. बेलापूरहून आम्ही तिघं रात्रीच्या गाडीनं निघालो. थोरले दीर, आमचे हे आणि मी.

आमच्या घरची रीत आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पहिल्यांदा पुरुष जेवायचे, मग पोरं, मग सासूबाई आणि शेवटी आम्ही दोघी जावा. कालवण संपलं असलं तर भाकरीवर चटणी. मुद्दाम कुणी उपाशी ठेवायचं नाही, पण पातेल्यात आमच्यासाठी काय उरलंय हे कुणी वाकून बघायचंही नाही. शिवाय थोरले दीर माझ्याशी बोलायचे नाहीत आणि मी त्यांच्याशी नाही. मला काही सांगायचं असलं तर ते ह्यांना सांगायचे, मी शेजारी उभी असले तरी.

तर मुलगी पसंत पडली. धाकटे दीर खुशीत येऊन म्हणाले, "वहिनी, आज तुम्हाला साहेबलोक जेवतात तिथं जेवायला नेतो." चर्चगेटच्या बाजूला ते इटालियन हॉटेल होतं. टेबलावर लाल चौकटीचं कापड आणि भर दुपारी पेटवलेली मेणबत्ती.

"लाईट गेली का काय ह्यांची?" थोरले दीर म्हणाले. मग ह्यांच्याकडं वळून, "ती कुठं बसनार?"

"दादा, खुर्च्या चार आहेत आणि आपण चौघं आहोत," धाकटे म्हणाले. मी डोक्यावरचा पदर ओढून खुर्चीच्या काठावर टेकले.

वेटरनं दोन मोठे वाडगे आणून मधोमध ठेवले. शेवयाच त्या, पण हातभर लांब, वर टोमॅटोचं लाल कालवण आणि किसलेलं चीज. आणि वाडगा दिसताच मी काय करावं? उभी राहिले, पदर खोचला आणि वाढायला लागले. वेटर म्हणाला, "ताई, बसा, मी वाढतो." मी म्हटलं, राहू द्या. थोरल्या दिरांनी आधी नाक मुरडलं, मग ह्यांना म्हणाले, "अजून वाढ म्हनावं तिला." मी वाढलं. ह्यांनीही घेतलं. धाकटे लग्नाच्या गप्पांत गुंग. दोन्ही वाडगे रिकामे झाले तेव्हा मी उभीच होते आणि माझी ताटली कोरी होती.

थोरल्या दिरांनी मिशा पुसल्या. "चला, उठा."

"दादा, वहिनी राहिल्या की," धाकटे चपापून म्हणाले.

"तिला म्हनावं, धाकट्याच्या खोलीवर गेल्यावर खिचडी टाक. आमाला बी चालंल थोडी."

ते शेवटचं मला भुकेपेक्षा जास्त लागलं. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे मेणबत्तीकडं बघत होते. मग मी बसले, पार मागं टेकून बसले. थोरल्या दिरांशी बोलायचं नाही ही रीत होती. वेटरशी बोलायचं नाही असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

"भाऊ," मी त्याला म्हटलं, "माझं ताट आणा. ह्या तिघांनी खाल्लं तसंच, भरून."

थोरले दीर ह्यांना म्हणाले, "तिला म्हनावं, गाडीला उशीर व्हतोय."

मी वेटरला म्हटलं, "त्यांना सांगा, गाडी रात्रीची आहे."

वेटर बिचारा खरंच वाकून म्हणाला, "शेठ, गाडी रात्रीची आहे म्हणतात." धाकट्या दिरांनी तोंडावर रुमाल धरला.

ताट आलं. काटे-चमचे बाजूला सारून मी हातानं खाल्लं, आणि मुद्दाम सावकाश खाल्लं. तिघं पुरुष माझं जेवण व्हायची वाट बघत बसलेत, हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. मधेच मला ठसका लागला, तर थोरले दीर ह्यांना म्हणाले, "पानी दे तिला." चवीचं विचाराल तर आंबट, मिठाला कमी, मला काही फारसं आवडलं नाही. पण ताटलीत एक शेवई ठेवली नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी भाकरी झाल्या, कालवण उतरवलं, आणि सगळ्यांच्या आधी मी दोन ताटं वाढून फळीवर झाकून ठेवली. सासूबाईंनी झाकण उचलून बघितलं.

"हे कुनाचं?"

"आमचं. माझं आणि जाऊबाईंचं."

"आगं, पुरुषमान्सं जेवायची हायेत अजून."

"जेवू द्या की," मी म्हटलं. "उरलेलं सगळं त्यांचंच हाय."